नंबर आधी, फ्रेम नंतर : रिमलेस चष्म्याची निवड

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डोळ्यांचा विषय निघाला की आहार काय घ्यावा, उजेड कोणत्या बाजूने यावा, पुस्तक किती अंतरावर धरावे, हे सांगितले जाते. ते योग्यच आहे. परंतु ज्याला चष्मा लागलेला आहे त्याने दुकानात गेल्यावर काय करावे, याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. मी बरीच वर्षे चष्म्याच्या व्यवसायात आहे. म्हणून आज एक छोटा पण तुमच्या खिशाशी आणि अभ्यासाशी थेट संबंध असलेला विषय घेतला आहे. रिमलेस चष्मा कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये, आणि घ्यायचा तर नंबर पाहून कसा निवडावा, हा तो विषय.

काही वडीलधाऱ्या मंडळींना वाटेल, हा फॅशनचा विषय येथे कशाला? मी याला केवळ फॅशन समजत नाही. चष्मा लागलेल्या मुलाला शाळेत काय ऐकावे लागते ते आपण जाणता. ‘ढापण्या’, ‘चष्मिस’, ‘सोडावॉटरची बाटली’ ही नावे चिकटली की मूल चष्मा दप्तरात लपवते आणि फळा न दिसता वर्गात बसून राहते. मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हटले की घरचेच तिला सांगतात, ‘तेवढा वेळ चष्मा काढून ठेव.’ अशा मुलाला किंवा मुलीला चेहऱ्यावर जवळजवळ न दिसणारा चष्मा हवासा वाटला तर त्यात हसण्यासारखे काहीच नाही. परंतु जो चष्मा दिसू नये म्हणून घेतला तो तीन महिन्यांत भोकापाशी तडकला आणि नेमकी दुसऱ्या दिवशी परीक्षा असली, तर त्या इच्छेची किंमत फार मोठी पडते. बहुतेक घरांत विद्यार्थ्याकडे एकच चष्मा असतो, दुसरा नसतो. म्हणून माझे सांगणे एवढेच की, आरशात पाहण्याआधी नंबराच्या चिठ्ठीत पाहा.

प्रथम रिमलेस म्हणजे काय ते समजून घेऊ. साध्या चष्म्यात काचेला सगळीकडून कड असते. त्याला फुल रिम म्हणतात. दुसऱ्या प्रकारात वरच्या बाजूला कड आणि खालून बारीक नायलॉनचा दोरा असतो. दोरा बसावा म्हणून काचेच्या कडेला खाच पाडतात. याला हाफ रिम किंवा बाजारात सुप्रा म्हणतात. तिसरा प्रकार रिमलेस. यात कड नाही आणि दोराही नाही. काचेला यंत्राने आरपार भोके पाडतात. नाकावरचा दुवा आणि दोन काड्या, असे तीन तुकडे स्क्रूने किंवा प्लॅस्टिकच्या बारीक नळीत दाबून थेट काचेला जोडतात. १९९९ साली ऑस्ट्रियातील लिंझ येथील सिलहुएट कंपनीने स्क्रू आणि बिजागरी नसलेला टायटॅनियमचा अत्यंत हलका रिमलेस चष्मा बाजारात आणला आणि या प्रकाराला जगभर मागणी वाढली.

या रचनेतूनच पुढचे सगळे निघते. फुल रिममध्ये धक्का कड सोसते. रिमलेसमध्ये धक्का, ओढ आणि पीळ काचेच्या भोकांवर येतो. तेव्हा रिमलेसमध्ये काच हीच फ्रेम आहे असे समजा. ती काच किती जाड, किती मोठी आणि कशाची असावी, हे ठरवण्याची सुरुवात तुमच्या नंबरापासून होते. येथे मी ‘काच’ हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातल्या अर्थाने वापरतो आहे, मग ती फायबरची का असेना.

आता चिठ्ठी कशी वाचायची ते पाहू. तीत प्रत्येक डोळ्यापुढे तीन आकडे असू शकतात. पहिला मुख्य नंबर, मायनस किंवा प्लस. दुसरा सिलिंडरचा. तिसरा अॅक्सिस, म्हणजे तो सिलिंडर कोणत्या कोनात बसवायचा हे अंशांत सांगणारा. चौथी एक गोष्ट असते, पण पुष्कळदा लिहिलेलीच नसते. ती म्हणजे दोन बाहुल्यांमधले अंतर, ज्याला पी.डी. म्हणतात. मोठ्या माणसांत ते साधारण ६० ते ६५ मिलिमीटरच्या आसपास असते, पण प्रत्येकाचे वेगळे. तपासणी झाल्यावर हे अंतर मोजून चिठ्ठीवर लिहून मागा. तुमच्या डोळ्यांची माहिती तुमच्याजवळ असली पाहिजे. ती मागण्यात संकोच नको.

मायनस नंबर असलेल्यांनी, म्हणजे ज्यांना लांबचे दिसत नाही त्यांनी, असे ध्यानात ठेवावे की त्यांची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. किती जाड, याचे एक ढोबळ गणित मी देतो. विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावे. काचेच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला नंबराने गुणा आणि हजाराने भागा. साध्या फायबरच्या काचेची कड मध्यापेक्षा तेवढे मिलिमीटर जाड होते.

समजा नंबर मायनस ४ आहे आणि काच ५० मिलिमीटर रुंद आहे. मध्यापासून कड २५ वर. २५ चा वर्ग ६२५, गुणिले ४ म्हणजे २५००, भागिले हजार म्हणजे अडीच. मध्यभागी २ मिलिमीटर जाडी धरली तर कड साडेचार मिलिमीटरची झाली. नंबर मायनस ८ असेल तर हीच कड ७ मिलिमीटरची होते. आता त्याच मायनस ४ ला काच ४६ मिलिमीटर रुंद घ्या, कड सुमारे ४.१ होते. ५६ घ्या, ५.१ होते. रुंदी दहा मिलिमीटरने वाढली आणि कड एका मिलिमीटरने जाड झाली. फुल रिममध्ये ही जाडी थोडीफार कडेआड लपते. रिमलेसमध्ये ती बाजूने पाहणाऱ्याला सरळ दिसते. ज्याला चष्मा लपवायचा होता, त्याचाच चष्मा मग जास्त उठून दिसतो. मोठ्या नंबराला लहान काच, हा पहिला नियम त्यासाठी.

परंतु काच लहान घेऊन भागत नाही. तिचा मध्य तुमच्या बाहुलीसमोर यावा लागतो. फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला किंवा दुव्यावर बारीक आकडे असतात, उदाहरणार्थ ५२, १८ आणि १४०. ५२ म्हणजे एका काचेची रुंदी, १८ म्हणजे दोन काचांमधले नाकावरचे अंतर, १४० म्हणजे काडीची लांबी. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज करा. ५२ आणि १८ मिळून ७० झाले. तुमची पी.डी. ६२ असेल तर ८ मिलिमीटरचा फरक पडला. म्हणजे प्रत्येक काचेचा मध्य ४ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागणार. तो सरकला की काडीकडची कड मध्यापासून २६ ऐवजी ३० मिलिमीटरवर जाते. मायनस ४ नंबराला त्या टोकाची जाडी सुमारे ५.६ मिलिमीटर होते, आणि काडी जोडायची भोके नेमकी तेथेच असतात. तोच माणूस ४६ आणि १८ ची फ्रेम घेईल तर बेरीज ६४, सरकवायचे फक्त १ मिलिमीटर, आणि जाडी ४.३. दोघांमध्ये सव्वा मिलिमीटरहून जास्त फरक पडला, तोही एक पैसा जादा न देता, नुसती बेरीज करून. दुकानदाराने मध्य सरकवलाच नाही तर आणखी वाईट. प्रतिमा जुळवताना दोन्ही डोळ्यांवर ताण येतो, डोके दुखते आणि माणूस नंबर चुकला म्हणून डॉक्टरांकडे फेऱ्या मारतो.

येथे रिमलेसचा एक मोठा फायदा सांगितला पाहिजे, कारण तो फार थोड्यांना ठाऊक असतो. शोकेसमधल्या फ्रेमला लावलेली काच नमुन्याची असते. पुष्कळ रिमलेस फ्रेममध्ये तोच दुवा आणि त्याच काड्या ठेवून काचेचा आकार आणि रुंदी बदलून घेता येते. ‘फ्रेम आवडली, पण काच ५२ ऐवजी ४८ ची कापून मिळेल का?’ असे विचारा. फुल रिममध्ये ही सोय नाही.

आता प्लस नंबर. येथे सगळे उलट होते. काच मध्ये जाड आणि कडेला पातळ. फुल रिममध्ये एक मिलिमीटरची कड चालते. रिमलेसमध्ये मात्र भोकाजवळ दीड-दोन मिलिमीटर तरी जाडी हवी, नाहीतर काच तेथे टिकत नाही. सुप्रामध्येही दोऱ्याची खाच पाडायला सुमारे दोन मिलिमीटरची कड लागते. कड एक मिलिमीटरने वाढवली की सबंध काचच एक मिलिमीटरने जाड होते आणि वजन वाढते. म्हणून प्लस १ किंवा दीडच्या वाचनाच्या चष्म्याला रिमलेस छान दिसतो, पण प्लस ४-५ च्या पुढे त्याचा हलकेपणा राहत नाही. पूर्वी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर प्लस १० च्या आसपासचे जाड चष्मे लावावे लागत. आता डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवतात, त्यामुळे तसे नंबर क्वचित दिसतात. तरीही लहानपणापासून मोठा प्लस नंबर असलेल्यांनी फुल रिमच घ्यावी.

सिलिंडरकडे तर बहुतेकांचे लक्षच नसते. सिलिंडरची काच एका ठरावीक कोनात बसली तरच काम करते. भोकातला स्क्रू सैल झाला आणि काच किंचित फिरली की हा कोन बिघडतो. दहा अंश फिरली तर सिलिंडरच्या सुमारे एक तृतीयांशाइतका दोष परत येतो. तीस अंश फिरली तर दोष जेवढा होता तेवढाच पुन्हा उभा राहतो, फक्त वेगळ्या दिशेने. म्हणजे चष्मा लावून न लावल्यासारखेच झाले. दीड-दोनच्या पुढे सिलिंडर असेल तर काच प्रत्येक टोकाला दोन भोकांनी किंवा एक भोक आणि एक खाच अशी पक्की धरणारी फ्रेम निवडा. एकाच भोकावर अडकवलेली गोल काच टाळा. आकार गोल असला तर काच फिरलेली लवकर कळतही नाही.

शिवाय अॅक्सिस पाहा. मायनस २ नंबर आणि मायनस २ सिलिंडर अशा दोन माणसांचे उदाहरण घेऊ. एकाचा अॅक्सिस १८० आहे. त्याची जादा जाडी काचेच्या वर-खाली येते, भोकांपाशी नाही. दुसऱ्याचा ९० आहे. त्याची जादा जाडी नाकाकडे आणि काडीकडे येते, म्हणजे बरोबर भोकांच्या जागी. आडव्या रेषेत त्याची काच मायनस ४ ची काच असल्यासारखी वागते. चिठ्ठीवर दोघांचे नंबर सारखे दिसतील, पण रिमलेस पहिल्याला सोपा जाईल आणि दुसऱ्याला अवघड.

यानंतर काच कशाची, हा प्रश्न येतो. खरी काच जड असते आणि भोकापाशी चटकन तडकते. ती रिमलेसला नको. आपण ज्याला साधे फायबर म्हणतो ते बहुधा सी.आर. ३९, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत पुढे आलेले प्लॅस्टिक. त्याचा इंडेक्स १.५०. नजर त्यातून स्वच्छ दिसते, पण भोकाजवळ ते ठिसूळ असते. बाजारात स्वस्त म्हणून दिली जाणारी १.५६ ची काचही याबाबतीत फारशी वेगळी नाही. पॉलिकार्बोनेट आघाताला फार चिवट. मात्र स्क्रू जास्त आवळला किंवा नेलपॉलिश काढायचे द्रव्य लागले तर भोकाभोवती बारीक चिरा पडतात. मोठ्या नंबरात कडेने पाहताना अक्षरांना रंगाची पुसट किनारही दिसते. ट्रायव्हेक्स ही काच पीपीजी या अमेरिकन कंपनीने २००१ मध्ये आणली. ती सगळ्यांत हलकी, आणि भोक पाडायला अतिशय चांगली. तिचा इंडेक्स मात्र १.५३, त्यामुळे मोठ्या नंबराला जाडी फारशी कमी होत नाही. १.६० ची चांगल्या प्रतीची काच भोकाला टिकते आणि पातळही होते. १.६७ त्याहून पातळ. १.७४ आणखी पातळ, पण महाग, आणि भोकाच्या दृष्टीने तितकी भरवशाची नाही.

आपल्या गणितात हा इंडेक्स असा बसवा. आलेल्या उत्तराला १.६० साठी १.२ ने आणि १.६७ साठी १.३४ ने भागा. मायनस ८ ला ५० रुंदीत साध्या फायबरने ५ मिलिमीटर आले होते, ते १.६७ मध्ये सुमारे ३.७ होते. फायदा आहे, पण जादू नाही. महागडी काच मोठ्या आकारात घेण्यापेक्षा मध्यम किमतीची काच लहान आकारात घेणे पुष्कळदा जास्त शहाणपणाचे ठरते.

आता नंबरानुसार माझा सल्ला थोडक्यात सांगतो. मायनस २ पर्यंत रिमलेस खुशाल घ्या, फक्त काच भोकाला टिकणारी घ्या. मायनस २ ते ४ ला ट्रायव्हेक्स किंवा १.६०, आणि फ्रेमची बेरीज पी.डी.च्या जवळ. मायनस ४ ते ६ ला १.६० किंवा १.६७, काच लहान, आणि कड फार चकाकणारी न करता मंद ठेवलेली. काचेवर चकाकीविरोधी थरही द्यावा, म्हणजे कडेची वलये कमी दिसतात. मायनस ६ च्या पुढे मी सहसा रिमलेस सुचवत नाही. तेथे लहान, गोलसर, पातळ कडेची फुल रिम जास्त शोभते आणि टिकते. मोठ्या नंबराला आणखी एक अडचण आहे. चष्मा नाकावरून घसरला की नंबर बदलल्यासारखा होतो. मायनस १० चा चष्मा ४ मिलिमीटर पुढे सरकला तर तो सुमारे ९.६ चेच काम करतो.

नंबर कोणताही असो, काहींनी रिमलेस घेऊच नये. दहा-बारा वर्षांखालील मुले, कबड्डी-क्रिकेट खेळणारे, आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारे विद्यार्थी यांना तो सोसणार नाही. वर्कशॉपमध्ये तर कोणताही रोजचा चष्मा सुरक्षा चष्म्याची जागा घेऊ शकत नाही. रोज हेल्मेट घालून गाडी चालवणारे आणि लोकलच्या गर्दीतून प्रवास करणारे यांनीही विचार करावा. हेल्मेट काढताना काडीला बसणारा पीळ सरळ भोकावर येतो.

दुकानात गेल्यावर पाच प्रश्न विचारा. माझी पी.डी. किती? या फ्रेमची बेरीज किती, आणि काच लहान कापून मिळेल का? काच कशाची आणि किती इंडेक्सची? भोकाजवळ आणि कडेला जाडी किती येईल? भोकाशी काच तडकली तर किती दिवसांपर्यंत बदलून मिळेल? पाचव्या प्रश्नाचे उत्तर पावतीवर लिहून घ्या. चांगला व्यावसायिक या प्रश्नांनी रागावत नाही. उलट समोरचा माणूस जाणता आहे हे पाहून तो अधिक काळजीने काम करतो. जो ‘तुम्हाला काय करायचंय, छान दिसतंय ना?’ म्हणून टाळतो, तेथून आपली चिठ्ठी उचलावी आणि पुढच्या दुकानात जावे.

चष्मा घेतल्यावर तो दोन्ही हातांनी काढा आणि घाला. पुसताना एका काचेला धरून दुसरी पुसू नका. जी काच पुसायची तिलाच दोन बोटांत धरा. काच हलते आहे असे वाटले तर घरच्या स्क्रू ड्रायव्हरने आवळू नका. चार-सहा महिन्यांनी दुकानात नेऊन तपासून घ्या. आणि ज्यांना चष्म्याशिवाय चालताच येत नाही त्यांनी जुनी फुल रिम फेकू नये. चालू नंबराच्या साध्या काचा घालून ती दप्तरात ठेवावी. परीक्षेच्या दिवसांत तर ती जवळ असलीच पाहिजे. दोन्हींचा खर्च झेपत नसेल तर आधी साधी फुल रिम घ्या, रिमलेस नोकरी लागल्यावर घ्या.

पालकांना एक विनंती. मुलाने रिमलेस मागितला की ‘नखरे’ म्हणून त्याला गप्प करू नका. कागद-पेन्सिल घेऊन त्याच्याबरोबर बसा, हे गणित त्याच्याकडूनच करून घ्या. मायनस ७ च्या मुलाला आपली काच किती जाड येईल हे स्वतः काढता आले, तर तो आपणहून लहान फुल रिम निवडेल आणि ती आनंदाने लावेल. मायनस दीडच्या मुलीला रिमलेस शोभत असेल तर तिला तो जरूर द्या. पाहुणे येतील तेव्हाही तो काढून ठेवायला सांगू नका. डोळ्यांना दिसावे म्हणून चष्मा असतो, आणि स्वच्छ दिसणाऱ्या माणसाने तो लपवण्याचे कारण नाही.

  विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्याजवळ नंबराची चिठ्ठी असेल त्यांनी ती घेऊन पुढे यावे, आपण येथेच गणित करून पाहू.